उंदरानं न कुरतडलेली वायर

माझ्या दुकानात अगरबत्ती दोन तसबिरींना लागते. एक गणपतीची, दुसरी माझ्या प्रमाणपत्राची. हे प्रमाणपत्र औरंगाबादेत पाच दिवस बसून मिळवलेलं आहे. गाड्यांमधले कॉम्प्युटर कसे तपासायचे, याचं ते शिक्षण होतं. पाचापैकी तीन दिवस मी पूर्ण जागा होतो. जेवणानंतरचे तास एसीत असायचे, आणि आमच्याकडच्या माणसाला एसीत झोप लागणं हा काही गुन्हा नव्हे.

त्याआधी वीस वर्षं मी जालन्यात गाड्यांचं वायरिंग करत होतो. दुकान एमआयडीसीच्या रस्त्यावर. लोखंडाच्या मिलचे ट्रक, बियाणं वाहणारे टेम्पो, ट्रॅक्टर, जीप, जे येईल ते. टेस्ट लॅम्प हे माझं मुख्य हत्यार, म्हणजे एक बल्ब आणि त्याला दोन वायरी. बल्ब लागला तर करंट आहे, नाही लागला तर नाही. या दोन उत्तरांवर माझा संसार बरा चालला होता. मग नव्या शतकात अशा गाड्या यायला लागल्या, की त्यांना बल्ब लावला तर त्या रुसायच्या. म्हणून ते प्रमाणपत्र आणि त्याच्या पाठोपाठ गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा एक स्कॅनर. पहिल्याच खंडेनवमीला बाकीच्या हत्यारांबरोबर मी स्कॅनरचीही पूजा केली. त्याचं एक बटण तेव्हापासून कुंकवानं लाल आहे. लोक मला कॉम्प्युटर डॉक्टर म्हणायला लागले, आणि वाईट म्हणजे मलाही ते खरं वाटायला लागलं.

माझं मूळ शिक्षण मात्र जुन्या जालन्यातलं, कापडाच्या दुकानांमागच्या एका गल्लीतलं. ऐंशीच्या दशकात तिथं माझे उस्ताद बसायचे. त्यांचं म्हणणं, वायरिंग कसं दिसलं पाहिजे, तर आत्ताच तेल लावून भांग पाडल्यासारखं. लोंबती वायर दिसली की ते ओरडायचे, "ये क्या नाडा लटकाया रे?" त्यांचा दुसरा नियम जोडाचा. जोडावर टेप गुंडाळून झाली की तिचं शेवटचं टोक दुमडून बारीकसा कान ठेवायचा, म्हणजे पुढं कुणाला जोड उघडायचा झाला तर नखानं कोरत बसायला नको. "अपने बाद आनेवाले का खयाल रखो," म्हणायचे. त्यांचे सगळे चेले टोकाला एक घडी घालायचे. मी दोन घालायचो, उस्तादांपेक्षा आपण जरा पुढचे म्हणून. जालन्यात दोन घड्यांचा कान ठेवणारा मी एकटाच, हे मीच लोकांना सांगत फिरायचो.

आता गुरुजी. माझं गाव जाफराबादजवळचं, आणि जाफराबादच्या शाळेत मला गुरुजींनी शिकवलं. त्यांच्या वर्गात शिक्षेचा दर ठरलेला होता. चुकीला एक छडी, लपवण्याला पाच. काही मोडलं, सांडलं, हरवलं की ते "कुणी केलं?" असं विचारतच नसत. "ज्यानं केलं त्यानं हात पुढं करावा," एवढंच म्हणायचे आणि वर्गावरून नजर फिरवायचे. खोटं बोलणाऱ्याचा हात आपोआप पाठीमागं जातो, हे त्यांचं निरीक्षण होतं. ते इतकं बरोबर होतं, की आम्ही खरं बोलतानासुद्धा हात कुठं ठेवावेत या काळजीत असायचो. मी दोनदा एक खाल्ली आणि एकदा पाच.

गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर जालन्यातल्या एका साहेबाची वापरलेली गाडी घेतली. हौस म्हणून नाही. काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हृदयाची झडप बदललेली होती. दर आठवड्याला जालन्याला येऊन रक्त तपासायचं आणि त्यावर गोळी किती घ्यायची ते ठरायचं. गोळीनं रक्त इतकं पातळ व्हायचं, की कुणाचं कोपर लागलं तरी अंगावर निळा डाग. पंधरा माणसं कोंबलेली वडापची जीप त्यांना बिलकुल बंद होती. म्हणून साठीच्या गुरुजींनी गाडी चालवायला शिकून घेतली. ते गाडी पाठ केल्यासारखी चालवायचे. आरसा, इंडिकेटर, हॉर्न, मग गिअर. समोर रिकामं माळरान असलं तरी क्रम चुकायचा नाही.

काकूंनी गाडीसाठी एकच गोष्ट मागितली, गाणी ऐकायला डेक. तो मी बसवला. गुरुजींची गाडी म्हणून जीव ओतून बसवला. डॅशबोर्ड उघडला तर मागं दोन बारीक वायरी दिसल्या, एकमेकींभोवती पीळ घातलेल्या. मला हसू आलं. म्हटलं, कंपनीत कुणीतरी नवशिका असणार, दोन वायरी सरळ नेता आल्या नाहीत. उस्ताद असते तर काय म्हणाले असते, ते मला ऐकूच आलं. मी तो पीळ हातभर सोडवला. सरळ केल्यावर वायरी लांब झाल्या आणि लोंबायला लागल्या. मग दोन्हींमधून थोडा थोडा तुकडा कापला, जोड दिले, टेप गुंडाळली, कान ठेवले, आणि एक वायर डावीकडून आणि दुसरी उजवीकडून अशी नेली, की बघणाऱ्यानं भांगच म्हणावा. काकू मागच्या सीटवर बसून बघत होत्या. "किती जीव लावून करून राह्यला रे," म्हणाल्या. मला बरं वाटलं.

गाडी सहा महिने छान चालली. मधल्या काळात माझं ते औरंगाबादचं शिक्षण झालं. तिथं कळलं, की नव्या गाडीत एक नव्हे तर पाच-सहा छोटे कॉम्प्युटर असतात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, स्टेअरिंगचा, डॅशबोर्डवरच्या काट्यांचा, किल्ली ओळखणारा. या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायचं ते दोनच वायरींवरून. आमच्या वर्गातल्यासारखं सगळे एका खोलीत, एक बोलला की बाकीच्यांनी ऐकायचं. दोन्ही वायरींना एकमेकींचा पीळ असतो, कारण बाहेरून काही गडबड शिरली तर ती दोघींत सारखी शिरावी आणि वजा होऊन जावी. शिकवणारे साहेब म्हणाले, हा पीळ कधी सोडवू नका आणि कापून जोड तर मुळीच देऊ नका. मी वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या मारताना मला गुरुजींची गाडी आठवली नाही. मी तेव्हा पूर्ण जागा होतो.

उन्हं तापली आणि गाडी वाटेत बंद पडायला लागली. बंद पडण्याची पद्धतही चमत्कारिक होती. चालता चालता डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागायचे, स्पीडचा काटा शून्यावर पडायचा, स्टेअरिंग जड व्हायचं. गुरुजी घाबरून कडेला घ्यायचे, किल्ली बंद करायचे, आणि मग गाडी चालूच व्हायची नाही. अर्धा-पाऊण तास बाभळीखाली बसलं की मुकाट्यानं चालू. माझ्या दुकानात आली की तर काहीच झालेलं नाही असा चेहरा. डॉक्टरच्या दारात गेलं की दुखणं पळतं, तसं.

पहिल्या दिवशी मी गाडीत बसून कान देऊन ऐकत होतो. मला बारीक टिकटिक ऐकू आली. एका लयीत. "सापडलं!" मी म्हटलं, "रिले वाजतोय." डेकजवळ कान लावला, सीटखाली लावला, आणि आवाजामागं जात जात मागच्या सीटपर्यंत पोचलो. काकू शांतपणे म्हणाल्या, "बाबा, ते माझं हाय. लोखंडाची झडप टाकेल हाय ना. माझं काढू नको, गाडीचं बघ."

काकू आणि गुरुजी चारचौघांत एकमेकांशी सरळ बोलत नसत. भांडण नव्हतं, त्यांच्या पिढीची रीतच ती. मधल्या माणसाला सांगायचं. दुकानात मधला माणूस मी. काकू मला म्हणायच्या, "ह्यांना सांग, सावलीत बसा म्हनावं." दोन हात अंतरावर बसलेले गुरुजी मला म्हणायचे, "तिला विचार, गोळी घेतली का." मी सांगायचो, विचारायचो, आणि मधेच स्कॅनरकडं बघायचो. दोन्हीकडचं काम सारखंच होतं.

स्कॅनरनं सगळ्या कॉम्प्युटरांच्या तक्रारी वाचून दाखवल्या. इंजिनाचं काही बिघडलेलं नव्हतं, ब्रेकचंही नाही, पण प्रत्येकाचं दुसऱ्याबद्दल गाऱ्हाणं होतं. काटे म्हणत, इंजिन बोलत नाही. स्टेअरिंग म्हणे, ब्रेक बोलत नाही. इंजिन म्हणे, किल्लीवाला बोलत नाही. माझ्यासारख्या प्रमाणपत्रधारकानं या वेळी काय करायला हवं होतं, ते वहीत लिहिलेलं होतं. मी केलं काय, तर गाऱ्हाण्यात ब्रेकच्या कॉम्प्युटरच्या पेटीचं नाव आलं ते पकडलं आणि तिला दोषी ठरवलं. औरंगाबादहून दुसरी पेटी आणून बसवली. दोन फेऱ्या नीट झाल्या. मी नारळ फोडला. तिसऱ्या फेरीला गाडी भर दुपारी बंद.

मग मी बॅटरी बदलली, अर्थच्या वायरी घासल्या, फ्यूज बदलले. आणि दर वेळी गुरुजींना ठणकावून सांगितलं, "गुरुजी, आधीच्या मालकानं कुण्या तरी अडाण्याकडून काम करून घेतेल हाय. त्याचं सगळं निस्तरून राह्यलोय मी." गुरुजी मान डोलवायचे. 

मेच्या अखेरीला पुण्याहून त्यांच्या मुलाचा फोन आला. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या जागेवर होता. त्यानं सांगून टाकलं, की आई अशी उन्हात रस्त्यावर बसलेली त्याला चालणार नाही. येत्या रविवारी तो येईल. गाडी दुरुस्त झालेली असेल आणि बिघाडाचं कारण पटण्यासारखं असेल तर ठीक, नाहीतर गाडी विकायची आणि दोघांनी कायमचं पुण्याला यायचं. मुलाचं काही चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पण काकूंना पुण्याला जायचं नव्हतं. ऑपरेशननंतर त्या तीन महिने तिथं राहून आल्या होत्या. माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी मला सांगितलं, "सातवा मजला, बाबा. खाली पाह्यलं तर मानसं मुंगळ्यावानी. दार वाजवलं तर शेजारीन आधी भोकातून पाह्यते. मला मरायलाबी लिफ्टनं खाली यावं लागंल. माझं काय राह्यलं आता? चार-दोन वर्सं. ती मला माझ्या वट्यावर बसून काढू दे. तेवढी गाडी नीट कर." हे त्यांनी मला सांगितलं, कुणामार्फत नाही.  त्या बाईचे उरलेले दिवस कुठं जाणार, हे माझ्या स्कॅनरवर ठरणार होतं, आणि स्कॅनर चालवणारा मी होतो.

शनिवारी मी प्रमाणपत्राच्या तसबिरीकडं न बघता वही काढली. एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडं डॅशबोर्डच्या बाजूचे कॉम्प्युटर लिहिले आणि उजवीकडं बॉनेटखालचे. मग कुणाचं गाऱ्हाणं कुणाबद्दल, ते बाण काढून दाखवलं. एकूण एक बाण रेघ ओलांडून जात होता. डावीकडच्या कुणाचंही डावीकडच्याबद्दल काही म्हणणं नव्हतं, आणि उजवीकडचेही आपसात सुखानं नांदत होते. म्हणजे माणसं सगळी ठीक होती, मधली वाट तुटत होती. हा कागद पहिल्या दिवशी काढला असता तर काकूंच्या किती दुपारी वाचल्या असत्या, या विचारानं मला माझीच लाज वाटली. ती वाट नेमकी कुठून जाते, हे मात्र मी अजूनही मनात आणत नव्हतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. वायरींचा पीळ मी एका दुपारी घालवला होता, माझा तसाच होता.

रविवारी सकाळच्या एसटीनं जाफराबादला गेलो. गाडी अंगणात उन्हात उभी होती. गाडीची बॅटरी सोडवली आणि स्कॅनर लावायच्या सॉकेटमध्ये त्या दोन वायरींवर मीटर लावला. वाटेच्या दोन्ही टोकांना एकशेवीस-एकशेवीस ओहमचे अडसर असतात, आणि वाट सलग असेल तर मीटर साठ दाखवतो. त्यानं साठ दाखवले. ऊन चढू दिलं. साठच. मग मी डेकच्या मागं हात घालून वायरींचा जुडगा हळूच हलवला. एकशेवीस. सोडला, साठ. हलवला, एकशेवीस. आनंदानं मी ओरडणार होतो. डेक बाहेर ओढला, आत टॉर्चचा उजेड टाकला, आणि तिथं उजेडात एक जोड दिसला. टेप उन्हानं चिकट होऊन सरकली होती आणि आत तांब्याच्या तारा एकमेकींना जेमतेम शिवत होत्या. टेपच्या टोकाला कान होता. त्याला दोन घड्या होत्या.

मी त्या घड्या आडव्यानंच दोनदा मोजल्या. बाहेरून काकूंचा आवाज आला, "ह्यांना सांग, त्याला पानी द्या म्हनावं." बाहेर तिसरं कुणी नव्हतं. त्या बहुतेक मलाच सांगत होत्या.

खोटं अगदी तयार होतं. गुरुजी डिकीत सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या आणायचे, खाली दाणे सांडलेले होते. उंदीर म्हटलं असतं तर कुत्र्यानंसुद्धा विश्वास ठेवला असता. टेप फाडून खिशात घातली की झालं. ती मी फाडायला घेतलीसुद्धा. मग तिचा तो कान नखाला लागला, आणि टेप इतकी सहज निघाली, की मला उस्तादांचा राग आला. मी गाडीतून बाहेर आलो, गुरुजींसमोर उभा राहिलो आणि हात पुढं केला. हातात टेप होती.

"गुरुजी, मीच केल्तं. डेक बसवताना. तो अडाणी म्हंजे मीच."

मी सगळं सांगितलं. पीळ, भांग, कापलेले तुकडे, वहीतल्या दोन रेघा. गुरुजींनी टेप हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली. त्यांना राग आला होता. 

"तिला पाच वेळा उन्हात बसवलंस तू," ते म्हणाले.

"हो, गुरुजी."

काकूंनी पहिल्यांदाच मला मधे न घेता थेट नवऱ्याकडं पाहिलं. "अहो," त्या म्हणाल्या, "पोराला हे सांगू नका. इथल्या मिस्त्रीनंच बिघडवली म्हनल्यावर तो मला इथं एक दिवस ठिवनार न्हाई. उंदीर म्हना."

"मी खोटं बोलू?" गुरुजी म्हणाले. एवढ्या वर्षांत बायकोनं त्यांच्याकडं डेकखेरीज मागितलेली ही पहिलीच गोष्ट असावी.

कापलेल्या जागी वायर वाढवून मी पीळ पुन्हा घातला, नवे जोड दिले, कथलाचा डाग देऊन पक्के केले. मीटर साठवरून हलेना, कितीही हलवलं तरी. दुपारी मुलगा आला. त्यानं गाडी चालवून पाहिली, माझा बाणांचा कागद मन लावून वाचला, आणि म्हणाला, "दादा, हे लॉजिक एकदम बरोबर आहे. आमच्याकडं नेटवर्कचा फॉल्ट असाच शोधतात." मला तिथंच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मग त्यानं विचारलं, "पण वायर तुटली कशी?"

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी गुरुजी बोलले.

"उंदीर," ते म्हणाले. "उंदरानं कुरतडली."

मी खाली बघत होतो, म्हणून मला नेमकं तेच दिसलं. त्यांचा उजवा हात सावकाश पाठीमागं गेला.

काकू जाफराबादलाच राहिल्या. मुलानं पुण्याला गेल्यावर आठवड्याच्या आत एक भक्कम पिंजरा पाठवून दिला, आणि दर रविवारी फोनवर पिंजरा लावला का म्हणून विचारायला लागला. पुढच्या फेरीला दोघं दुकानात आले तेव्हा काकू म्हणाल्या, "ह्यांना इचार, रोज संध्याकाळी गाडीखाली पिंजरा ठिवून काय करून राह्यले. रोज ताजी भाकर. घरचं कुत्रं शिळी खातंय."

गुरुजी म्हणाले, "तिला सांग, पोरगा विचारतो. एकदा खोटं बोललो. पिंजरा लावला म्हणून तरी खरं सांगता आलं पाहिजे." आणि मग, फक्त माझ्याकडं बघून, "मला झोप लागत नाही रे बराबर."

पिंजऱ्यात महिनाभर काही सापडलं नाही. सापडणार कसं? दाणे झाडून काढलेले, गाडीत उंदीर कधी नव्हताच. गुरुजी वाळायला लागले. आणि मग एक दिवस सकाळी दुकानातल्या फोनवर त्यांचा आवाज आला. मी तो आवाज शाळेतही कधी ऐकला नव्हता, इतका पोरकट.

"सापडला! अरे, सापडला! चांगला मोठा आहे. म्हणजे होता, बघ. म्हणजे तुझा जोड सैल होता हे खरं, पण उंदीरही होता!"

"होता, गुरुजी," मी म्हटलं.

त्या फेरीला गुरुजी रिपोर्ट आणायला गेले तेव्हा काकूंनी मला जवळ बोलावलं. "शेजारच्याच्या पिंजऱ्यातला हाय," त्या हळूच म्हणाल्या. "मीच त्याच्याकडून घेतला अन् आमच्यात सोडला. कसा तडफडत व्हता बाबा तो, अन् मी कशी घाबरेल. पर ह्यांचं अन्न तुटलं व्हतं. तू बोलू नको." त्या खूप वेळ हसत होत्या. हसताना झडपेची टिकटिक जलद व्हायची, ती मला स्टुलावरून ऐकू येत होती.

त्यानंतर काकू तीन वर्षं जगल्या. गेल्या त्या स्वतःच्या वट्यावरून, दुपारचा चहा घेऊन, शेजारणीशी बोलता बोलता. लिफ्ट लागली नाही. गाडी त्या तीन वर्षांत एकदाही वाटेत थांबली नव्हती, एवढं मी म्हणू शकतो.

काकूंचे दिवस झाल्यावर महिन्याभरानं गुरुजी एकटेच गाडी घेऊन माझ्याकडं आले. आरसा, इंडिकेटर, सगळं क्रमानं करून गाडी लावली.

"काय झालं, गुरुजी?"

"काही नाही. आवाज येत नाही गाडीत."

मी इंजिन चालू करून ऐकलं. डेक लावून पाहिला. सगळं नीट वाजत होतं. मग मला कळलं ते कोणत्या आवाजाबद्दल बोलत होते, आणि मी बॉनेट उगाच उघडून त्यात डोकं घातलं, कारण मला रडू येत होतं.

गुरुजी स्टुलावर बसले. काकूंच्याच. आता मधे कुणी माणूस नव्हता, म्हणून ते सरळ बोलले.

"तो उंदीर तिनं शेजाऱ्याकडून आणला होता. आदल्या दिवशी मी तो त्याच्या पिंजऱ्यात पाहिला होता, शेपूट तुटकं होतं. मी तिला कधी बोललो नाही. तिला वाटू दिलं की मला पटलं. तिनं मला सोडवलं असं तिला वाटत होतं, ते तिच्याकडून कशाला काढून घेऊ?" मग ते म्हणाले, "ही तिची न् माझी गोष्ट होती, बघ. ती तिनं आणखी कुणाला सांगितली असेल असं मला वाटत नाही. तुला बोलली होती का कधी?"

मी बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं.

"न्हाई, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. शाळेत बघायचे तसं त्यांनी खाली पाहिलं. माझा उजवा हात कधी पाठीमागं गेला, ते मला त्यांच्या नजरेवरूनच समजलं.

"बरं," गुरुजी म्हणाले, आणि चहा सांगायला लावला.